दिलेलं पाणी

येत्या गुरुवारी आमच्या पाणी वापर संस्थेची सभा आहे. विषयपत्रिकेवर पाचवा विषय असा: ज्या सभासदाला या हंगामातलं आपल्या वाट्याचं पाणी नको असेल, त्याने ते दुसऱ्या सभासदाला ठरेल त्या भावाने द्यावं की नाही. ठराव मांडणारा मुलगा तिशीतला आहे. शेतकीचा पदवीधर, दोन एकर डाळिंब, स्वतःचं शेततळं. परवा संध्याकाळी घरी आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "काका, पाणी स्वस्त आहे म्हणून वाया जातं. भाव लागला की माणूस थेंब मोजतो. ज्याला नको त्याने विकावं, ज्याला हवं त्याने घ्यावं. जबरदस्ती कुणावरच नाही. मग यात वाईट काय?"

मला त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. मुलगा प्रामाणिक आहे आणि त्याचा प्रश्नही प्रामाणिक आहे. 1980 ते 2016 अशी छत्तीस वर्षं मी कालव्यावर नोकरी केली, कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. पाण्याची पट्टी आकारणं आणि वसूल करणं हेच माझं काम होतं. पाण्याला पैसे पडू नयेत असं मी कधी म्हटलं नाही. तरीही त्याचं बोलणं ऐकताना मला दर रविवारी विहारात घेतो ते पंचशीलातलं दुसरं शील आठवत राहिलं.

लोक त्या शीलाचा अर्थ 'चोरी करणार नाही' असा सांगतात. पण पालीत शब्द अदिन्नादान असा आहे. अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. जे मला दिलेलं नाही ते मी घेणार नाही. चोरीपुरतं पाहायचं तर कायदा आहे, पोलीस आहेत. 'न दिलेलं' हा शब्द मात्र फार लांब जातो. एखाद्या गोष्टीचे पैसे मोजले म्हणून ती मला दिली गेली असं होतं का? आणि ती देणारा कोण? पावती फाडणारा, की ज्याच्या तोंडातून ती गेली तो?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. एका रात्रीतून पडलेला आहे.

नव्वदीच्या दशकातलं एक वर्ष होतं, रब्बीची दुसरी पाळी. कालव्याचं आणि वितरिकेचं नाव सांगत नाही. तेव्हा पाणी मोजून देत नसत. शेतकऱ्याने नमुना नंबर 7 भरायचा, पीक आणि क्षेत्र लिहायचं, मागची बाकी भरायची, मंजुरी मिळाली की पाळीत पाणी घ्यायचं. पट्टी पिकावर आणि क्षेत्रावर. रात्री दहाच्या सुमारास मी हेडच्या, म्हणजे चारीच्या तोंडाशी असलेल्या, आउटलेटवर पोचलो तर दार ठरल्यापेक्षा हातभर वर उचललेलं, आणि पाणी मंजुरी नसलेल्या उसात चाललेलं. शेतकरी तिथेच बांधावर बसला होता. पळाला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाला, "साहेब, पंचनामा करा. दंडाचा जो दर असेल तो लावा. उद्या सकाळी पैसे आणून देतो. एकच पाणी लागतंय, तेवढं बंद करू नका."

माणूस वाईट नव्हता. थोरल्या मुलीचं लग्न त्या उसावर ठरलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी कंदिलाच्या उजेडात पंचनामा लिहिला, त्याची सही घेतली आणि दार तसंच ठेवून निघालो.

टेल, म्हणजे चारीचं शेवटचं टोक, तिथून नऊ किलोमीटरवर. चारीच्या कडेकडेने लूनावर गेलो. सगळी चारी कोरडी, तळाला भेगा. शेवटच्या शेताच्या कोपऱ्यावर एक म्हातारा खोऱ्यावर हनुवटी टेकवून उभा होता, दारं धरायला. त्याची ज्वारी पोटरीत होती. शेती करणाऱ्याला पोटरी म्हणजे काय ते सांगायला नको: कणीस अजून पानात आहे, या आठवड्यात पाणी मिळालं तर दाणा भरेल, नाहीतर कडबा हाती येईल. त्याने विचारलं, "सायेब, कवा येतंय पाणी?" मी म्हणालो, "सकाळपर्यंत येईल." येणार नव्हतं. मला माहीत होतं. तो म्हणाला, "येऊ द्या. पट्टी तर उद्याच्या उद्या भरतो."

त्याने माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं. मग त्याने बांधावरच्या मोग्यातून तांब्या भरून माझ्या हातात दिला. मी प्यायलो. त्या तांब्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

ज्वारी वाळली. त्या वर्षी माझ्या हद्दीतली वसुली चांगली झाली, कारण दंडाची रक्कमही तीत धरली गेली. कागदावर काहीच चुकलं नव्हतं. हेडच्या माणसाने घेतलेल्या पाण्याचे त्याने पैसे भरले होते. टेलच्या माणसाला पाणी मिळालं नाही, म्हणून त्याच्या नावावर पट्टीही नव्हती. हिशोब शून्याला शून्य जुळत होता. दंड म्हणजे 'हे करू नकोस' असं सांगणं. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी त्या दंडाचा भाव झाला होता, आणि तो भाव लावणारा मी होतो. त्या शेतकऱ्याला वाटलं, आपण निरीक्षकाशी व्यवहार पुरा केला. पण ते पाणी माझं कुठे होतं? ते त्या म्हाताऱ्याच्या पाळीचं होतं. त्याने ते दिलं नव्हतं. मी न दिलेलं पाणी दुसऱ्याला घेऊ दिलं, पावती देऊन.

एवढं सांगून मी भावाच्या विरुद्ध उभा आहे असं कुणी समजू नये. माझ्या घराण्यात भावाबद्दल एक वेगळी आठवण आहे आणि ती पुसून टाकण्याची माझी तयारी नाही.

माझी आजी ज्या गावात नांदली तिथल्या विहिरीवर तिला हात लावता येत नसे. घागर घेऊन थारोळ्यापासून लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर ती वरून ओतणार. कधी दुपार व्हायची. पाणी फुकट होतं. भाव नव्हता, पट्टी नव्हती, परंपरेचं दान होतं, आणि त्या दानात आजीची मान रोज खाली जात होती. मी सहा-सात वर्षांचा असताना ती मला घेऊन जालन्याला गेली. स्टँडवर एक माणूस बर्फाचं पाणी विकत होता, पाच पैशाला ग्लास. आजीने नाणं पुढे केलं. त्याने नाणं घेतलं आणि ग्लास तिच्या हातात दिला. ती किती तरी वर्षं हे सांगायची: "हातात देला रे! वरून नाही ओतलं. कोण हाय, कुठली हाय, काई इचारलं नाही."

ज्यांच्या आज्यांना पाणी वरून ओतून मिळालेलं नाही, त्यांना त्या पाच पैशांची किंमत कळणार नाही. पैसा जात विचारत नाही, हे बाजाराचं मोठेपण आहे आणि ते मी मानतो. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्या तळ्याचं पाणी काही दुर्मीळ नव्हतं. त्याची कुणाला पट्टी द्यायची नव्हती. गाव एकदिलाने, धर्माच्या नावाने, एका समाजाला तहानलेला ठेवत होतं. म्हणून 'गावाने मिळून ठरवलं' हे शब्द ऐकले की माझं मन लगेच विरघळत नाही. गाव मिळून काय काय ठरवू शकतं ते आम्ही पाहिलेलं आहे.

मोजून पाणी देण्याचंही तसंच. 2005 साली राज्यात दोन कायदे झाले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणलं, दुसऱ्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांच्या हाती कालव्याखालचं व्यवस्थापन दिलं. घनमापन पद्धतीने पाणी घ्यायचं, संस्थेला तिचा कोटा, आत पीक कुठलं घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मला तो बदल आवडला होता, आजही आवडतो. क्षेत्रावर पट्टी होती तेव्हा रात्रभर दार उघडं टाकून झोपणाराही तेवढेच पैसे भरायचा आणि वाफा भरताच दार लावणाराही तेवढेच. मोजमाप आलं तेव्हा लोकांनी स्वतःहून चाऱ्या साफ केल्या, बिळं बुजवली. भावाने माणसाला जागं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण त्याच प्राधिकरणाच्या कायद्यात एक कलम घातलेलं होतं: दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्या शेतकऱ्याला सिंचनाच्या पाण्याला दीडपट दर. मला कुणाला तो दर लावावा लागला नाही, याचं समाधान आहे. पण ते वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ कागद हातात धरून बसलो. कालव्याच्या पाण्याचा आणि घरातल्या तिसऱ्या लेकराचा काय संबंध? एकदा भाव हे माणसाला वळवायचं हत्यार म्हणून हातात घेतलं की ते कुठवर जाईल याला धरबंध राहत नाही. शिवाय ते ज्याच्यापाशी थोडं आहे त्यालाच टोचतं. दीडपट दर भरून मोकळा होणारा बागायतदार आणि दीडपट दरापायी पाणीच सोडून देणारा कोरडवाहू शेतकरी, दोघांना कायदा एकच वाक्य सांगत होता. दोघांना ऐकू येत होतं ते मात्र वेगळं.

भावाची हद्द कुठे, हे सांगणारी एक जुनी कथा आहे. आता त्या रोहिणीच्या कथेकडे येतो.

रोहिणी नदी शाक्य आणि कोलिय यांच्या शिवेवर होती आणि दोघांचीही शेती तिच्या बांधावर अवलंबून. ही कथा दोन प्रकारे सांगितली जाते. धम्मपदाच्या जुन्या अट्ठकथेत ती तथागतांच्या बुद्धत्वानंतरची आहे. ज्येष्ठाचा महिना, पिकं माना टाकू लागलेली. कोलियांचे मजूर म्हणाले, हे पाणी दोघांत वाटलं तर कुणालाच पुरणार नाही, आमचं पीक एका पाण्यावर येईल, तेव्हा आम्हाला घेऊ द्या. शाक्यांकडचेही तेच म्हणाले, आमचंही एका पाण्यावर येईल. हेडच्या त्या शेतकऱ्याच्या तोंडी 'एकच पाणी' आलं तेव्हा मला ही कथा ठाऊक नव्हती. नंतर वाचली आणि अंगावर काटा आला. त्यापुढे तर त्याहून मोठी गोष्ट आहे. एक बाजू म्हणते, तुमची कोठारं भरल्यावर आम्ही सोनं, रत्नं, नाणी आणि रिकाम्या टोपल्या घेऊन तुमच्या दारोदार हिंडायचं, हे आमच्याने होणार नाही.

त्यांच्याकडे पैसे नव्हते असं नाही. सोनं होतं, विकत घेण्याची ऐपत होती. तरी ते नाही म्हणाले. पाणी गेल्यावर धान्य विकत मिळेल, पण आज जो बांधावर बरोबरीने उभा आहे तो उद्या दारात उभा राहील. त्या मजुरांना अर्थशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण भावाने जे मोजता येत नाही ते त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

भांडण वाढलं, शिव्या झाल्या, दोन्ही सैन्यं नदीवर आली. तथागतांनी राजांना विचारलं, कशासाठी भांडता? राजांना सांगता येईना. सेनापतीला विचारा, उपराजाला विचारा, असं करत प्रश्न खाली खाली आला आणि शेवटी दास-मजुरांनी सांगितलं: पाण्यासाठी. मग तथागतांनी मोलाचा प्रश्न विचारला. पाण्याचं मोल काय? थोडं. क्षत्रियांच्या जिवाचं मोल काय? अमोल. मग थोड्या मोलापायी अमोल का घालवता?

मी हा प्रसंग फार वेळा वाचला आहे. तथागत भाव विचारायला लाजले नाहीत. बाजाराचाच प्रश्न त्यांनी रणांगणावर विचारला आणि त्या प्रश्नाला त्याची हद्द दाखवली: एका गोष्टीला भाव आहे, दुसरीला नाही, आणि दोन्ही एका तराजूत घातल्या की तुम्ही नदी रक्ताने भरता. कथेत पुढे पाणी कसं वाटलं ते येत नाही. ते काम आपल्याकडे राहिलं.

दुसरी मांडणी बाबासाहेबांची. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर 1957 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात रोहिणीचा तंटा हेच सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण आहे. संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो. तो म्हणतो, आपल्यातले दोघं निवडू, त्यांच्यातले दोघं निवडू द्या, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी वाद मिटवावा. बहुमत ते मानत नाही आणि तो घर सोडतो. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते, दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्याच काळातली. नद्यांचे हिशोब केलेल्या माणसाने तथागतांच्या जीवनाची वाट पाण्याच्या तंट्यातून काढली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

आता त्या मुलाचं म्हणणं. तो सांगेल, काका, तुमच्या म्हाताऱ्याचं पाणी चोरून घेतलं गेलं. माझ्या ठरावात तर विकणारा राजीखुशीने विकतो. म्हणजे ते दिलेलंच झालं. शील मोडलं कुठे?

त्याचं हे बोलणं खोडून काढणं सोपं नाही, आणि दोन रात्री मी त्यावरच विचार करत होतो. मग डोळ्यांपुढे चारी आली. कालव्याचं पाणी पोत्यात भरून येत नाही. टेलला दहा शेतकरी आहेत असं धरा. त्यातल्या सात जणांनी या हंगामाचं पाणी हेडच्या डाळिंबवाल्याला विकलं. सातही राजी आहेत, पैसे रोख मिळालेत, कुणावर जबरदस्ती नाही. उरले तिघं. त्या तिघांपुरतं पाणी नऊ किलोमीटर कोरड्या चारीतून सोडलं तर अर्ध्या वाटेवरच जमीन ते पिऊन टाकते. दहा जणांचं पाणी एकत्र वाहत होतं म्हणून ते दहाव्यापर्यंत पोचत होतं. त्यांच्या हक्काचा कोटा कागदावर शाबूत आहे, पण तो शेतात येत नाही. चारी वाहिली नाही की आजूबाजूच्या विहिरींना पाझर नाही. दोन वर्षं वापर नाही की बाभळी उगवतात, कुणीतरी ती नांगरून आपल्या शेतात घेतो. शिवाय त्या सात जणांची ज्वारी काढायला येणाऱ्या बाया आहेत, ज्यांना नावावर जमीन नाही म्हणून कोटा नाही आणि सभेत मतही नाही. त्यांचा रोज गेला, गुरांचा कडबा गेला.

सातांनी दिलं. तिघांनी दिलं नाही. बायांना तर विचारलंच नाही. घेणाऱ्याच्या हातात आलेल्या पाण्यात हे सगळं मिसळलेलं आहे, आणि पावती फक्त सातांची आहे.

'माझं शेत, माझी निवड' असं आपण म्हणतो तेव्हा ती निवडही एकट्याची नसते. उसाला केंद्र सरकार रास्त आणि किफायतशीर दर ठरवून देतं, कारखान्याने चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घ्यायला कोण बसलंय ते शोधावं लागतं. कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवलं होतं की महाराष्ट्रातल्या 4 टक्क्यांहून कमी लागवडीवरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ 70 टक्के पाणी घेतो. इतक्या लाखो माणसांनी एकटं एकटं बसून एकच निवड केली, असं कसं म्हणावं? वाट आधीच उताराची करून ठेवली होती, पाणी तिकडेच वाहिलं.

2016चा उन्हाळा मी तालुक्याच्या गावी काढला, निवृत्तीचं पहिलं वर्ष. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. आमच्याकडे टँकर विकत. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणारी एक बाई होती. ती दोन दिवसांआड एक टिपाड विकत घ्यायची, कारण एका रोजाच्या कमाईत तेवढंच बसायचं. लेकरांच्या अंघोळीचं पाणी परातीत धरायची, त्यात कपडे भिजवायची, तेच मोरीत टाकायची. समोरच्या बंगल्यात दोन टँकर उतरायचे. दोघांना भाव तोच, कुणी तिची जात विचारली नाही. माझ्या आजीच्या पाच पैशांनी जे दार उघडलं होतं त्याच दारात ती बाई उभी होती, आणि आत जायला तिच्याकडे पुरेसे पैसे नव्हते. भाजी की पाणी, ही तिची निवड होती. तिला निवड म्हणताना माझी जीभ जड होते.

बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात या स्वातंत्र्याचीच उलटतपासणी केली आहे. राज्याने हात काढून घेतला की स्वातंत्र्य उरतं, हे खरं. पण ते कुणाचं? जमीनदाराला खंड वाढवण्याचं, भांडवलवाल्याला कामाचे तास वाढवण्याचं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. मी त्यात माझ्यापुरतं एक वाक्य घालतो: हेडच्या माणसाला दार उचलण्याचं.

आणि त्या मुलाला मला आणखी एका गोष्टीची आठवण करून द्यायची आहे. आपण मराठवाड्याचे आहोत. गोदावरीवर आपण टेलला आहोत. वर नाशिक-नगरची धरणं भरायची आणि जायकवाडी रिकामं राहायचं, तेव्हा आपण काय मागितलं? 2005च्या त्याच कायद्यातलं समन्यायी पाणीवाटपाचं कलम आपण पुढे केलं. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र आलं, आणि सप्टेंबर 2016 मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटप उचलून धरलं. समजा, तेव्हा कुणी म्हटलं असतं की ज्याची बोली जास्त त्याला पाणी, तर नाशिकच्या द्राक्षांपुढे आणि कारखान्यांपुढे आपली ज्वारी टिकली असती का? आपण त्यांना भाव विचारला नाही. पाळी मागितली. तो मुलगा तेव्हा कॉलेजात असेल, मोर्चातही असेल. जे वरच्यांकडे मागितलं ते खालच्यांना नाकारायचं कसं?

पुरंदर तालुक्यात नायगाव आहे. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. नोकरीत असताना मी एकदा रजा काढून ते पाहायला गेलो होतो. तिथे पाणी जमिनीवर नव्हतं, माणसावर होतं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस कुणीही लावायचा नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतःच्या खिशातून भरायचा. म्हणजे पैसे तिथेही पडत होते. पण पैसे दुसऱ्या पायरीवर होते. आधी एकमेकांकडे पाहून ठरलं की कुणाला किती दिलं जाईल; मग दिलेलं उपसायचा, आणायचा, राखायचा खर्च ज्याने त्याने उचलला. ऊस लावण्याची मोकळीक त्यांनी सोडली होती, हे खरं. माझ्याशी बोललेला एक शेतकरी म्हणाला होता, "सोडली नाही, शेजाऱ्याला दिली." त्याने 'दिली' म्हटलं, ते मी अजून जपून ठेवलं आहे.

म्हणून आता त्या तांब्याचं सांगतो. त्या रात्री म्हाताऱ्याने आडनाव ऐकलं होतं. ते ऐकून त्याच्या बापाने काय केलं असतं ते त्यालाही ठाऊक असेल, मलाही आहे. रात्रभर दारं धरायची म्हणून त्याने आणलेलं पाणी एका मोग्यापुरतं होतं, आणि माझ्यामुळे त्याची चारी कोरडी होती, हे त्याला माहीत नव्हतं. माझ्या आजीला पैसे मोजल्यावर जे हातात मिळालं, ते मला त्याने तसंच हातात दिलं. आजवर मी प्यालेल्या पाण्यातलं तेवढं एक मला पुरतं दिलेलं होतं, आणि घेणारा मी त्याला लायक नव्हतो. काही वर्षांनी मी त्याला खरं सांगायला गेलो. तो वारला होता. मुलाला सांगितलं. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग चहा टाकायला सांगितला.

गुरुवारी मी ठरावाला सरळ विरोध करणार नाही. मी एवढंच मांडणार आहे की टेलची चारी वाहती राहील इतकं पाणी आधी बाजूला काढा, त्याला भाव नाही आणि ते कुणी विकायचं नाही. पाळी टेलकडून हेडकडे लावा. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वाघाड धरणावर पहिल्या संस्था टेललाच उभ्या केल्या होत्या, तेवढा दाखला पुरे. आणि विक्रीची बोलणी व्हायची ती पाच जणांसमोर: दोघं हेडचे, दोघं टेलचे, आणि त्या चौघांनी निवडलेलं पाचवं माणूस, जे ज्वारी काढायला येणाऱ्या बायांपैकी एक असावं. या पाचव्या जागेवरून सभेत गलका होईल. होऊ द्या.

टेलच्या तिघांना आज फोन केले. दोघं येतो म्हणाले. तिसरा म्हणाला, "साहेब, गुरुवारी आमची पाळी धरलीय. ज्वारी पोटरीत आहे. मी शेतात असंन."